शाळेच्या मार्चिंग बँडसाठी फ्रीलान्स ड्रिल डिझायनर नेमताना: मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत आता कोपऱ्यात क्लॅरिनेटची पेटी नाहीतर स्नेअर ड्रमच्या काठ्या असतात. मूल हायस्कूलच्या बँडमध्ये गेलं की आईबाबाही हळूहळू बूस्टर क्लबमध्ये (बँडसाठी पैसे आणि मदत जमवणाऱ्या पालकांच्या मंडळात) ओढले जातात. आधी पाण्याचे कूलर उचलायचे, मग प्रॉप्स रंगवायचे, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी खजिनदार म्हणून तुमचंच नाव सुचवतं. मग बजेटच्या कागदावर ‘ड्रिल डिझाइन’ अशी एक ओळ दिसते. रक्कम चांगलीच मोठी असते. ती नेमकी कशाची, कोणाला आणि का द्यायची, हे प्रश्न पालक एकमेकांना विचारत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. टेक्सास, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया किंवा इलिनॉय, प्रत्येक ठिकाणच्या रीती थोड्या वेगळ्या असल्या तरी मूळ काम सारखंच आहे.

ड्रिल डिझायनर नेमकं काय करतो?

शो चालू असताना प्रत्येक मूल प्रत्येक क्षणी मैदानावर कुठे असेल आणि तिथून पुढच्या जागी किती पावलांत, कोणत्या वाटेने जाईल, हे तो ठरवतो. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके जागेवर राहतात आणि रेषा फिरते. इथे ठिपकेच चालतात, तेही वाद्य वाजवत.

फुटबॉलचं मैदान दोन गोल लाइनच्या मध्ये १०० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद असतं. दर पाच यार्डांवर आडवी रेघ असते. दोन रेघांमधलं अंतर आठ समान पावलांत कापायचं, हे बँडचं मूळ माप. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं, साधारण ५७ सेंटिमीटरचं. या मापाच्या आधाराने प्रत्येक मुलाला त्याची जागा लिहून मिळते: ‘साइड १, ४५ यार्ड लाइनच्या चार पावलं बाहेर, फ्रंट हॅशच्या सहा पावलं मागे’. (साइड १ म्हणजे प्रेक्षकांकडून बघता मैदानाचा डावा अर्धा; हॅशच्या खुणांबद्दल पुढे सांगितलं आहे.) या जागेला मुलं ‘डॉट’ म्हणतात आणि सगळ्यांनी एका क्षणी आपापल्या डॉटवर असण्याला ‘सेट’. बँडमध्ये १५० मुलं आणि शोमध्ये ७० सेट असतील तर डिझायनरने १०,५०० जागा ठरवलेल्या असतात. शिवाय प्रत्येक दोन जागांमधली वाट, आणि त्या वाटेवर कोणी कोणावर आदळणार नाही याची काळजी.

मैदानावर आकृती काढण्याची रीत जुनी आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने १९०७ मध्ये मैदानावर ‘पी’ हे अक्षर उभं केलं होतं. पुढे कित्येक दशकं सगळं चौकटीत आणि दोन्ही बाजूंना सारखं असायचं. १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षं गारफिल्ड कॅडेट्स हा न्यू जर्सीचा संघ ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनलचा (शाळेबाहेरच्या, ड्रम आणि पितळी वाद्यांच्या पथकांच्या स्पर्धेचा) विजेता ठरला. जॉर्ज झिंगाली यांनी त्यांच्यासाठी लिहिलेल्या वाहत्या, असमान आकृत्यांनी ही सगळी कलाच बदलून टाकली. आज तुमच्या मुलाच्या शोमध्ये वक्र रेषा विरघळून दुसराच आकार तयार होताना दिसते, तिचं मूळ तिथे आहे.

हे काम बँड डायरेक्टर स्वतः का करत नाहीत?

काही करतात, आणि उत्तम करतात. पन्नास मुलांचा बँड असेल आणि डायरेक्टरला हात बसलेला असेल तर बाहेरचा माणूस शोधायची गरजच नाही. पण एका मिनिटाच्या संगीताचं ड्रिल लिहायला कितीतरी तास जातात. तेही अशा दिवसांत, जेव्हा डायरेक्टर वर्षअखेरीच्या कॉन्सर्टमध्ये आणि पुढच्या वर्षीच्या ऑडिशनमध्ये अडकलेला असतो. बाहेरच्या माणसाला पैसे देऊन शाळा डायरेक्टरचे हे तास वाचवते, हा हिशेब पालकांनी लक्षात ठेवावा.

निवड कोणी करायची, बूस्टर क्लबने की डायरेक्टरने?

डायरेक्टरने. यात दुमत नको. पैसे आपण जमवले म्हणून माणूसही आपण निवडायचा, असा आग्रह काही समित्यांत धरला जातो आणि त्याने वर्षभराची कटकट मागे लागते. रोज मुलांसमोर उभं राहून ते ड्रिल शिकवायचं आहे डायरेक्टरला. आपण बजेटची मर्यादा स्पष्ट सांगावी, करार वाचावा, हप्ते वेळेवर द्यावेत, आणि पुढच्या प्रश्नांत दिलेल्या गोष्टी झाल्या आहेत का हे नम्रपणे विचारावं. ‘सर, मुलांची यादी त्यांना पाठवली का?’ एवढा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला तरी ऑगस्टमधला मनस्ताप टळतो.

शोध कधी सुरू करावा?

हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो, म्हणून पालकांना वाटतं की उन्हाळ्यात बघू. तेव्हा फार उशीर झालेला असतो. अनुभवी डिझायनरची वही आदल्या हिवाळ्यातच भरते. साधारण क्रम असा: डिसेंबर-जानेवारीत शोची कल्पना आणि माणसं ठरतात, एप्रिल-मेपर्यंत संगीताची मांडणी पक्की होते, मे ते जुलै ड्रिल लिहिलं जातं आणि जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये बँड कॅम्पला पहिला भाग मुलांच्या हातात येतो. पूर्ण शो एकदम मिळत नाही, भागाभागाने येतो, आणि ते योग्यच आहे. पहिला भाग मुलांच्या पायाखाली कसा उतरतो हे पाहून पुढचे भाग सुधारता येतात.

आधी संगीत की आधी ड्रिल?

आधी संगीत. शेवटच्या काउंटपर्यंत (म्हणजे ठोक्यापर्यंत; एका काउंटला एक पाऊल) पक्कं झालेलं संगीत. वाया जाणारे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून हे थोडं विस्ताराने सांगतो.

समजा डिझायनरने एका रांगेला सोळा काउंटमध्ये दहा यार्ड सरकवलं आहे. पाऊल नेहमीचं, साडेबावीस इंचांचं. ड्रिल लिहून झाल्यावर ‘हा भाग लांबतोय’ म्हणून संगीतातले आठ काउंट कापले. आता तीच दहा यार्ड आठ काउंटमध्ये जायची, म्हणजे एकेक पाऊल ४५ इंचांचं. ट्यूबा खांद्यावर घेतलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला ते शक्य नाही. म्हणजे तो सेट बदलायचा, त्यामुळे त्याच्या आधीचा बदलायचा, नंतरचे दोन बदलायचे. कापले आठच काउंट, पण पुन्हा लिहायला लागलं अख्खं पान, आणि त्याचे पैसे वेगळे.

दुसरं कारण आवाजाचं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मैदानाच्या मागच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत जवळपास ४९ मीटर अंतर आहे, म्हणजे मागे वाजलेला ठोका पुढे पोचायला सुमारे ०.१४ सेकंद लागतात. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ०.३७५ सेकंदांचा असतो. मागचं मूल आणि पुढचं मूल दोघंही कानाने ऐकून वाजवू लागले तर प्रेक्षकांपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्यात एक-तृतीयांश ठोक्याहून जास्त अंतर पडतं. म्हणूनच ड्रमलाइन शक्यतो मध्यावर, मागच्या बाजूला ठेवतात, आणि पुढच्यांनी मागून येणाऱ्या आवाजावर वाजवायचं असतं. कोणत्या क्षणी कोणाची धून आहे, कोणाला कोणाचं ऐकू यायला हवं, हे माहीत नसताना लिहिलेलं ड्रिल दिसायला सुंदर असेल, पण मुलं त्यात एकत्र वाजवू शकणार नाहीत. चांगला डिझायनर संगीत हातात पडेपर्यंत पहिला ठिपका ठेवत नाही. ‘संगीत नंतर पाठवा, मी सुरुवात करतो’ असं कोणी म्हणालं तर सावध व्हा.

डिझायनरला आमच्याकडून काय लागतं?

सगळ्यात आधी मुलांची माहिती. वाद्यानुसार नेमकी संख्या, त्यातली नववीतली नवी किती, दोन-तीन वर्षं मैदानावर काढलेली किती, झेंडे-रायफल फिरवणाऱ्या कलर गार्डमध्ये किती, पुढच्या कडेला उभ्या असणाऱ्या फ्रंट एन्सेम्बलमध्ये किती. आठवड्याला सरावाचे तास किती मिळतात हेही सांगावं. आठवड्याला सहा तास सराव करणाऱ्या बँडला आणि त्याहून दुप्पट करणाऱ्या बँडला एकच ड्रिल चालत नाही.

मग संगीताची स्वरलिपी आणि काउंट ऐकू येतील असं ध्वनिमुद्रण, प्रॉप्सची खरी मापं, गार्डला झेंडे-रायफल बदलायला किती वेळ लागतो, आणि कंडक्टरचे स्टँड कुठे असतील.

मैदानाच्या हॅशचं मात्र जरा नीट समजून घ्या, कारण इथे बरेचजण चुकतात. हॅश म्हणजे मैदानाच्या आत, दोन्ही बाजूंच्या कडांना समांतर जाणाऱ्या तुटक खुणा. मुलं पुढे-मागे किती पावलांवर आहेत हे त्यांवरूनच मोजतात. हायस्कूलच्या नेहमीच्या आखणीत हॅश साइडलाइनपासून ५३ फूट ४ इंचांवर असते, कॉलेजच्या मैदानात ६० फुटांवर आणि एनएफएलच्या मैदानात ७० फूट ९ इंचांवर. हायस्कूल आणि कॉलेजमध्ये साडेतीन पावलांचा फरक पडतो, एनएफएलशी नऊ पावलांहून जास्त. सराव एका आखणीवर आणि स्पर्धा दुसऱ्या आखणीवर झाली तर मुलं जीव तोडून शिकलेल्या जागा शोधत राहतात. बँड्स ऑफ अमेरिका या हायस्कूल बँडच्या स्पर्धांची राष्ट्रीय अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये होते. अशा मोठ्या ठिकाणी जाणार असाल तर तिथे कोणत्या खुणा असतील हे आयोजकांना विचारून डिझायनरला आधीच कळवा.

चांगला डिझायनर कसा ओळखायचा?

त्याने आधी काय विचारलं ते बघा. पहिल्या फोनवर जो मुलांबद्दल विचारतो (‘नवी मुलं किती आहेत? ट्यूबा उचलणारे कोण आहेत? मागे चालत वाजवायची सवय आहे का?’) तो तुमच्या बँडसाठी लिहील. जो फक्त मागच्या विजयांची यादी वाचतो तो स्वतःसाठी लिहील. माझ्या मते निवडीची यापेक्षा मोठी कसोटी नाही.

त्यानंतर कामाचे नमुने. सुंदर कापाकापी केलेली, मुलांचे चेहरे जवळून दाखवणारी चित्रफीत मागू नका; तीत ड्रिल दिसतच नाही. प्रेस बॉक्समधून (प्रेक्षकांच्या स्टँडवरच्या उंच खोलीतून) एकाच कॅमेऱ्याने घेतलेलं सलग चित्रण मागा. तुमच्याच आकाराच्या बँडचं मागा, कारण अडीचशे मुलांनी मैदान भरणं आणि साठ मुलांनी ते रिकामं न वाटू देणं या वेगळ्या विद्या आहेत. आणि शक्य असेल तर एकाच बँडचं सप्टेंबरमधलं आणि नोव्हेंबरमधलं, अशी दोन चित्रणं मागा. नोव्हेंबरमध्येही रांगा वाकड्याच असतील तर एक शक्यता अशी की मुलांना न झेपणारं लिहिलं गेलं. मग त्या शाळेच्या डायरेक्टरला फोन करून विचारा: भाग वेळेवर आले का, आणि हंगामाच्या मध्यावर फोन उचलला का?

या हंगामात तो एकूण किती बँडसाठी लिहितो आहे, हेही मोकळेपणाने विचारा. प्रामाणिक माणूस आकडा सांगतो.

ड्रम कॉर्प्ससाठी लिहिणारं मोठं नाव मिळतंय. घ्यावं का?

नाव मोठं असणं गुण आहेच. पण ड्रम कॉर्प्समधली मुलं निवडून घेतलेली, बहुतेक कॉलेजच्या वयाची असतात आणि उन्हाळाभर रोज सकाळपासून रात्रीपर्यंत सराव करतात. तुमचं मूल शाळा, गृहपाठ आणि एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) विषय सांभाळून मैदानावर येतं. मोठ्या नावाच्या माणसाने हायस्कूलसाठीही लिहिलं असेल आणि तो तुमच्या मुलांकडे बघून लिहिणार असेल तर जरूर घ्या. काही ठिकाणी मोठ्या नावाखाली प्रत्यक्षात सहायक लिहितो. तसं असेल तर त्यात गैर काही नाही, फक्त ते करार करण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे.

खर्च किती येतो?

लहान बँडच्या साध्या शोसाठी काही हजार डॉलर, आणि मोठ्या स्पर्धक बँडसाठी त्याच्या कितीतरी पट. मुलांची संख्या, संगीताची मिनिटं, सेटची संख्या आणि डिझायनरचा अनुभव यांवर आकडा ठरतो. कोणी मिनिटाप्रमाणे घेतं, कोणी डोक्यांप्रमाणे, कोणी ठोक रक्कम सांगतं. ठोक रकमेत काय काय आलं हे विचारल्याशिवाय दोन डिझायनरांची तुलना करू नका. एकाच्या रकमेत बँड कॅम्पची दोन दिवसांची भेट, विमानाचं तिकीट आणि चार दुरुस्त्या असतात. दुसऱ्याच्या स्वस्त दिसणाऱ्या रकमेत फक्त फाइल.

पैसे कमी असतील तर कमी शुल्काचा माणूस शोधण्याआधी काम कमी करून बघा. संपूर्ण शोऐवजी सुरुवात आणि शेवट बाहेरून लिहून घ्यायचा आणि मधला संथ भाग डायरेक्टरने बसवायचा, अशी विभागणी अनेक डिझायनर आनंदाने मान्य करतात. कॉलेजात संगीत शिकणारे, स्वतः कॉर्प्समध्ये चाललेले तरुणही असतात. डायरेक्टर मार्गदर्शन करायला तयार असेल तर त्यांना संधी द्यावी, असं मला मनापासून वाटतं. आजचे नावाजलेले डिझायनरही कधीतरी कोणाच्या तरी पन्नास मुलांच्या बँडपासूनच सुरू झाले.

तयार ड्रिल विकत मिळतं म्हणे. ते का नको?

मिळतं आणि लहान बँडसाठी तो वाईट मार्ग नाही. फक्त ते ज्या संख्येसाठी लिहिलं होतं तिच्याशी तुमची संख्या जुळवावी लागते, आणि त्याच विभागात ते दुसऱ्या शाळेनेही घेतलेलं असू शकतं.

सॉफ्टवेअर आहे ना? मग माणूस कशाला?

पायवेअर आणि एनव्हिजन यांसारख्या प्रणाली आहेत आणि जवळजवळ सगळे डिझायनर अशाच साधनांवर काम करतात. ती दोन आकृत्यांमधली वाट काढून देतात, पाऊल फार मोठं होत असेल तर दाखवतात, प्रत्येक मुलाची डॉटची यादी छापतात, संगीताबरोबर चलचित्र दाखवतात. मुलं फोनवर स्वतःची जागा बघू शकतात. हे सगळं फार उपयोगी आहे. पण सनईसारखा एकटा ओबो वाजत असताना बाकीच्या दीडशे मुलांनी पाठ फिरवून थांबावं की त्याच्याभोवती गोळा व्हावं, हे ठरवायला संगीत समजणारं माणूसच लागतं. स्नेअर आणि टेनर वाजवणारी मुलं अंगावरचं वजन घेऊन, तोंड प्रेक्षकांकडे ठेवून आडवी चालतात. त्यांना लांब, तिरक्या उड्या देऊ नयेत हे जाणणारा हात बहुधा स्वतः कधीतरी तो ड्रम घेऊन चाललेला असतो.

करारात काय असावं?

ओळखीचा माणूस असला तरी कागद करा. मुलांची संख्या, शोची लांबी, प्रत्येक भाग कोणत्या तारखेला मिळणार, कशा स्वरूपात मिळणार (मूळ फाइल, छापायचे तक्ते, प्रत्येकाची डॉटची यादी, संगीतासह चलचित्र), ठरलेल्या रकमेत किती दुरुस्त्या, त्यानंतरच्या दुरुस्तीला किती दर, भेटी किती, प्रवासखर्च कोणाचा, आणि कोणी मध्येच काम सोडलं तर काय. हप्ते भागांच्या तारखांशी बांधा: थोडे सही करताना, थोडे प्रत्येक भागाला, शेवटचा पूर्ण शो हातात आल्यावर. उशीर झाला तर काय, हे कलम दोन्ही बाजूंना लागू असावं. डिझायनरने फाइल उशिरा दिली तर जसं, तसंच शाळेने संगीत उशिरा दिलं तरही.

मालकी वेगळी लिहा. अमेरिकेच्या कायद्यात स्वतंत्र कंत्राटदाराने केलेलं काम पैसे दिले म्हणून आपोआप शाळेचं होत नाही. हक्क हवे असतील तर सहीचा कागद लागतो. बहुतेक शाळांना मालकी नको असते, वापराची परवानगी पुरते. पण हेच ड्रिल दोन वर्षांत आपल्या स्पर्धा-विभागातल्या दुसऱ्या शाळेला विकू नये, असं वाटत असेल तर ते लिहून घ्या. संगीताची मांडणी करण्याची परवानगी ही याहून वेगळी बाब आहे. ती हक्कधारकाकडून घ्यावी लागते, ड्रिल डिझायनर ती आणून देत नाही.

ऑगस्टमध्ये दोन मुलं बँड सोडून गेली. आता?

हे दरवर्षी होतं. कोणाच्या वडिलांची बदली होते, कोणी क्रॉस कंट्रीला जातं, कोणाचा घोटा मुरगळतो. रांगेत रिकामी जागा दिसते आणि परीक्षकांनाही ती दिसते.

म्हणून मे महिन्यात संख्या सांगतानाच विचार करावा. ‘येतील बहुतेक’ अशा मुलांना मोजू नका. एप्रिलमध्ये फॉर्म भरून, पालकांची सही घेऊन पक्की झालेली मुलंच धरा. उशिरा येणाऱ्यांसाठी डिझायनर आधीपासून अशा काही जागा ठेवू शकतो ज्या भरल्या तर छान, रिकाम्या राहिल्या तर आकृती मोडत नाही. हे त्याला आधी सांगितलं तरच शक्य आहे. एखाद-दोन जागा भरायला शेजारच्या मुलांमधलं अंतर वाढवून डायरेक्टरच काम भागवतो. पाचाहून जास्त गेली तर डिझायनरला फोन करावा लागतो आणि करारातला दुरुस्तीचा दर तेव्हा कामी येतो. रिकाम्या जागेत दुसऱ्या वाद्याचं मूल घालताना त्याच्यामुळे आवाजाचा तोल बिघडत नाही ना, तेवढं बघावं.

आपल्या घरांशी याचा थेट संबंध आहे. गणपती, नवरात्र आणि दिवाळी, तिन्ही बँडच्या हंगामातच येतात. मुलाला आरतीला, मंडळाच्या कार्यक्रमाला किंवा लक्ष्मीपूजनाला घरी ठेवायचं असेल तर ठेवाच, त्यात संकोच कशाला? फक्त तारखा जूनमध्येच डायरेक्टरला लिहून द्या. नवा भाग शिकवण्याचा दिवस बदलता येतो. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी कळवलं तर कोणालाच काही करता येत नाही.

माझं मूल नेहमी मागेच का असतं?

हा प्रश्न पालक हळू आवाजात विचारतात. जागा बहुधा वाद्यावरून आणि आवाजावरून ठरते, आवडीनिवडीवरून नाही. नव्या मुलाच्या दोन्ही बाजूंना जुनी मुलं ठेवतात, म्हणजे त्याला आधार मिळतो. मागच्या रांगेतल्या मुलाच्या डॉटवर अख्ख्या आकृतीची कड अवलंबून असू शकते. जागा बदलून मागण्याआधी एकदा प्रेक्षकांच्या स्टँडच्या वरच्या पायरीवर जाऊन शो बघा. मात्र मूल सतत धडपडतं आहे, मागे चालताना वारंवार टक्कर होते आहे, किंवा वाऱ्याने हलणाऱ्या प्रॉपच्या फार जवळून त्याला जावं लागतं आहे, असं दिसलं तर लगेच डायरेक्टरला सांगा. ती तक्रार मुळीच नाही. सुरक्षिततेसाठी सेट बदलायला कोणताही चांगला डिझायनर नकार देत नाही.

भारतातल्या कोणाकडून हे काम करून घेता येईल का?

काम दूर बसून होतं. अमेरिकेतही डिझायनर अनेकदा दुसऱ्याच राज्यात राहतो. अडचण अंतराची नाही, मैदानाच्या अनुभवाची आहे. आपल्याकडे शाळा-कॉलेजांत संचलनाची, लेझीमची आणि ढोल-ताशा पथकांची भक्कम परंपरा आहे, आणि ताल धरून एकत्र चालणं म्हणजे काय हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. पण यार्डांच्या रेघा, काउंट आणि इथल्या परीक्षकांचे निकष यांची भाषा शिकावी लागते. ती शिकलेला माणूस कुठल्याही देशातला असू शकतो.

पैसे देताना कागदपत्रं कोणती?

डिझायनर अमेरिकेत असेल तर पहिला चेक देण्याआधी त्याच्याकडून डब्ल्यू-९ फॉर्म (करासाठी नाव आणि क्रमांक देणारा) भरून घ्या. वर्षभरात दिलेली रक्कम मर्यादेपर्यंत पोचली तर १०९९-एनईसी हा दिलेल्या रकमेचा कर-फॉर्म द्यावा लागतो. ही मर्यादा २०२५ पर्यंतच्या देयकांसाठी ६०० डॉलर होती, २०२६ पासूनच्या देयकांसाठी ती २,००० डॉलर आहे. पैसे शाळेकडून जाणार की बूस्टर क्लबकडून, हे आधी ठरवा. शाळेकडून जाणार असतील तर जिल्ह्याची विक्रेता-नोंदणी लागू शकते आणि तिला वेळ लागतो. डिझायनर बँड कॅम्पला येऊन मुलांमध्ये वावरणार असेल तर जिल्ह्याची पार्श्वभूमी तपासणी आधीच करून घ्या.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी खास. तुम्ही एच-१बी किंवा कामाची परवानगी नसलेल्या एच-४ व्हिसावर असाल आणि तुम्हाला स्वतःला हे काम येत असेल, तर शाळेकडून मोबदला घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. कूलर उचलणं, प्रॉप्स रंगवणं अशी सगळेच पालक विनामोबदला करतात ती कामं वेगळी आणि शुल्क घेऊन केलेलं डिझाइन वेगळं.

हंगाम संपल्यावर काही करायचं असतं का?

मूळ फाइल आणि तक्ते शाळेच्या खात्यावर जपून ठेवा, एकट्या पालकाच्या लॅपटॉपवर नकोत. परीक्षकांनी शोच्या वेळी ध्वनिमुद्रित केलेल्या टिपण्या डिझायनरला पाठवा, कारण बहुतेकदा त्या त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. शेवटचा हप्ता राहिला असेल तर तो द्या. आणि हाच माणूस पुढच्या वर्षी हवा असेल तर थँक्सगिव्हिंगच्या आधी डायरेक्टरला त्याला फोन करायला सांगा. डिसेंबरमध्ये त्याची वही पुन्हा भरायला लागलेली असते.